कार्पेट निघालं, गोंद तसाच राहिला: लाकडी फरशी न बिघडवता तो काढायचा कसा?

जुनं कार्पेट उचकटायला एक दुपार पुरते. त्याखालचा गोंद काढायला आठवडा जाऊ शकतो, आणि हे कळतं ते कार्पेटची गुंडाळी दाराबाहेर नेऊन ठेवल्यावरच.

माझ्या पहिल्या खोलीत मी सरळ भाड्याने सँडिंग मशीन आणलं. वरवरचाच थर आहे, घासला की गेला, असा माझा हिशेब. अर्ध्या मिनिटात जळक्या रबराचा वास सुटला. मशीन उलटं करून पाहिलं तर पॉलिश पेपर दिसतच नव्हता. त्यावर लाखेसारखा चकचकीत तपकिरी थर चढला होता. घर्षणाने गोंद तापून वितळला होता. थोडा पेपरवर बसला आणि उरलेला लाकडाच्या रेषांत दाबला गेला. हाताने खरवडला असता तर तासाभरात निघाला असता. त्या चार चौरस फुटांनी माझा दीड दिवस खाल्ला.

म्हणून खालचा क्रम सौम्य उपायापासून कडक उपायाकडे जाणारा आहे. पॉलिश पेपर अगदी शेवटी येतो, आणि नशीब चांगलं असेल तर येतही नाही.

आधी गोंद ओळखा

गोंद काळा किंवा डांबरासारखा गडद असेल तर हातातलं हत्यार खाली ठेवा. 1980 च्या दशकापर्यंत वापरल्या गेलेल्या डांबरी गोंदांमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेलं असू शकतं. कार्पेटच्या आधी त्या जागी टाइल्स किंवा लिनोलियम असेल, तर शंका आणखी बळावते. नुसतं पाहून ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. त्याला प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. गोंद जागेवर घट्ट बसलेला असतो तोवर धोका कमी असतो. कोरडा खरवडला, घासला किंवा मशीन लावलं की त्याचे तंतू हवेत उडतात, आणि साध्या कापडी मास्कला ते अडवता येत नाहीत. या तंतूंमुळे होणारे फुप्फुसांचे आजार कित्येक वर्षांनी, कधी दोन-तीन दशकांनी, डोकं वर काढतात. त्यामुळे आज खोकला आला नाही याला काहीच अर्थ नाही. नमुना शक्यतो जाणकाराकडूनच काढून घ्या आणि निकाल येईपर्यंत त्या खोलीत झाडूसुद्धा मारू नका. ॲस्बेस्टॉस निघालं, तर काम प्रशिक्षित माणसांवर सोपवा, नाहीतर त्यावर नवं आच्छादन घालून तो थर आहे तसाच झाकून टाका. झाकून टाकणं म्हणजे हार मानणं नव्हे. पुष्कळदा तोच शहाणपणाचा मार्ग असतो.

पिवळसर किंवा फिकट तपकिरी, नखाने दाबला तर किंचित दबणारा गोंद बहुतेक वेळा लॅटेक्सचा किंवा ॲक्रिलिकचा असतो. घरांत सगळ्यात जास्त सापडतो तो हाच, आणि ऊब, गरम पाणी व संत्रावर्गीय (संत्र्याच्या सालीपासून बनलेलं) द्रावण यांपैकी कशाला ना कशाला तो दाद देतो. दगडासारखा कडक, नख न रुतणारा गोंद युरेथेनचा असू शकतो. पूर्ण सुकलेल्या युरेथेनवर द्रावणं जवळपास निष्प्रभ ठरतात. तिथे हाताची मेहनत आणि धारदार स्क्रॅपर एवढंच कामाला येतं.

याशिवाय दोन प्रकार गोंद म्हणून मोजले जात नाहीत, पण त्रास तेवढाच देतात. एक म्हणजे कार्पेटच्या पाठीचा फोम, जो जुना झाला की भुगा होऊन फरशीवर चिकटून राहतो. दुसरा म्हणजे कडेने लावलेला दुहेरी टेप. फोम आधी कोरडाच खरवडून गोळा करा. तो ओला केला की त्याचा लगदा होतो आणि काम दुप्पट वाढतं.

खात्री नसेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात तीन छोटे प्रयोग करा. एका ठिकाणी गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा. दुसऱ्या ठिकाणी मिनरल टर्पेंटाइनचे चार थेंब टाका. तिसऱ्या ठिकाणी हेअर ड्रायरची गरम हवा दोन मिनिटं द्या. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने तिन्ही जागा ढकलून पाहा. जिथे गोंद लवकर सरकतो, तिथून तुमच्या कामाची सुरुवात. टर्पेंटाइनच्या जागी फडक्याला काळपट तपकिरी डाग लागला, तर गोंदात डांबर आहे असं समजा आणि वरचा काळ्या गोंदाचा परिच्छेद पुन्हा वाचा.

मग फरशी ओळखा

पहिला प्रश्न: फळी अख्ख्या लाकडाची आहे, की प्लायवर लाकडाचा पातळ थर चढवलेली? उंबरठ्यापाशी किंवा पाइप जिथून वर येतो तिथे फळीची कापलेली कड दिसते. एकसंध रेषा असतील तर अख्खं लाकूड. सँडविचसारखे थर दिसले तर इंजिनिअर्ड. इंजिनिअर्ड फळीचा वरचा थर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपासून सहा मिलिमीटरपर्यंत कितीही असू शकतो. पूर्ण सँडिंगच्या एका फेरीत सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जातं. म्हणजे थर दोन मिलिमीटरच्या आत असेल तर मशीनचा विचार डोक्यातून काढून टाकलेला बरा.

दुसरा प्रश्न: वरचं पॉलिश कोणतं? कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकल्यावर अर्ध्या मिनिटात जागा चिकट झाली, तर ते चपडा लाखेचं पॉलिश. स्पिरिटला न बधलेली जागा लॅकर थिनरने मऊ पडली, तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही, तर बहुधा पॉलियुरेथेन. टर्पेंटाइनच्या फडक्याला पिवळट मेण लागलं, तर मेणाचं पॉलिश.

यावरून एक निर्णय आत्ताच घ्यायचा असतो. जुनं पॉलिश वाचवायचं आहे, की नंतर सगळी फरशी घासून नवं पॉलिश चढवायचं आहे? नवं चढवायचंच असेल तर द्रावण निवडताना हात मोकळा राहतो. वाचवायचं असेल तर ॲसिटोन आणि थिनर घराबाहेरच राहू द्या. माझा अनुभव असा की, वीस-तीस वर्षं कार्पेटखाली दबलेलं पॉलिश वाचवण्याच्या लायकीचं फार क्वचित असतं. तरी ठरवा फरशी पाहून, माझं ऐकून नव्हे.

सामान

प्लॅस्टिकच्या दोन-तीन पट्ट्या, एक रुंद पुट्टीची पट्टी, लांब दांड्याचा फरशीचा स्क्रॅपर, पक्कड, नायलॉनचा ताठ ब्रश, जुनी सुती फडकी भरपूर, लाकडाचा भुसा, जेवण झाकायची पातळ प्लॅस्टिक फिल्म आणि झाकणाचा धातूचा डबा. अंगावर नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि द्रावण वापरणार असाल तर रसायनांच्या वाफा गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क. धुळीचा मास्क वाफेला थोपवत नाही, हे मी डोकं भणभणायला लागल्यावर शिकलो.

लोखंडी पट्टीचे दोन्ही कोपरे काम सुरू करण्याआधी कानशीने गोल करून घ्या. फरशीवर जे लांबलचक ओरखडे उठतात ते पात्याच्या धारेने नाही, कोपऱ्याने उठतात.

तारेचा घोस मात्र या यादीत नाही. ओकसारख्या लाकडात टॅनिन, म्हणजे नैसर्गिक तुरट द्रव्य, भरपूर असतं. लोखंडाचे बारीक कण लाकडात अडकले आणि त्यावर पाणी पडलं की टॅनिन आणि लोह यांच्यापासून निळसर काळे डाग तयार होतात, अगदी शाई सांडल्यासारखे. ते ऑक्झॅलिक ॲसिडने निघतात, पण ते विषारी असतं आणि मुळात टाळता येणारं काम कशाला वाढवायचं?

खिळे, पिना, हवा आणि आग

कार्पेटच्या कडेला खिळ्यांची पट्टी असते आणि मधल्या भागात अस्तराच्या पिना. त्या एकूण एक काढा. एक पीन राहिली तरी स्क्रॅपर तिच्यावर अडकून उसळतो, आणि पुढे सँडिंग करताना पेपर फाटतो. बॅटरी जमिनीला लावून आडवा प्रकाश टाकला की पिना सावलीसकट उठून दिसतात. पीन सरळ वर ओढू नका. पक्कडीखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून कलती करत काढा, म्हणजे पक्कडीच्या जबड्याची खूण लाकडावर उमटत नाही.

द्रावण वापरायचं असेल तर खिडक्या उघडा, पंखा असा ठेवा की हवा बाहेर फेकली जाईल, आणि घरातली प्रत्येक ज्योत विझवा. देवघरातला दिवा, गॅस गीझरची बारीक ज्योत, कुणाची सिगारेट, सगळं. मिनरल टर्पेंटाइन आणि संत्र्याच्या सालीपासून बनलेलं द्रावण साधारण 40 ते 50 अंश सेल्सिअसला पेट घेण्याजोगी वाफ सोडतात. ॲसिटोनची वाफ तर उणे 20 अंशांच्या आसपासही पेटू शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. जमिनीलगत सरकत ती शेजारच्या खोलीतही जाते.

पहिली फेरी: कोरडी

काहीही न लावता जेवढं निघेल तेवढं आधी काढा. स्क्रॅपर फरशीशी अगदी बसका, 20 ते 30 अंशांच्या कोनात धरा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच ढकला. आडवं ढकललं की रेषांतून ढलप्या उठतात. गोंद कुठे ठिसूळ आणि कुठे चिवट आहे, हे याच फेरीत हाताला कळतं.

रबरासारखा ताणणारा एखादा जाड गोळा असेल तर बर्फाचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. थंडीने गोळा कडक होतो आणि पट्टीच्या टोकाने हलकेच उडवता येतो. पिशवी गळकी नसावी. मोठ्या क्षेत्राला हा उपाय परवडत नाही, पण दहा-बारा गोळ्यांसाठी झकास.

दुसरी फेरी: ऊब

हेअर ड्रायर संथ असतो, पण त्याने लाकूड जळण्याची भीती नसते. हीट गन वेगवान आहे. मात्र तिच्या तोंडाशी हवा 500 अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि लाकूड साधारण 200 अंशांच्या आसपास काळवंडायला लागतं. ती कमीत कमी तापमानावर, फरशीपासून एक वीत अंतरावर धरा आणि हात सतत हलता ठेवा. एकाच जागी थांबलात की पॉलिशला फोड येतात.

कृती अशी: तळहाताएवढी जागा अर्धा मिनिट तापवा. गोंदाची चकाकी बदलते, कडा किंचित ढिल्या होतात. त्याच क्षणी पट्टी घाला. गोंद पात्यावर गुंडाळत वर येतो, जाडसर साय निघावी तसा. पातं दर दोन-तीन ओढींनंतर फडक्याला पुसा, नाहीतर काढलेलाच गोंद पुढच्या जागी पसरतो. एका हाताने तापवत आणि दुसऱ्या हाताने खरवडत पुढे सरकण्याची लय जमली की काम अपेक्षेपेक्षा भराभर उरकतं.

इथे दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. ज्या जागी द्रावण लावलंय तिथे नंतर उष्णता नेऊ नका. आणि जुन्या रंगाचा किंवा व्हार्निशचा थर शिशाचा असण्याची शक्यता असेल, तर हीट गन बाजूला ठेवा.

तिसरी फेरी: गरम पाणी, तेही बेताने

लॅटेक्स गोंदावर पाणी चांगलं काम करतं, आणि लाकूड बिघडवण्यातही ते पटाईत आहे. फडकं कडकडीत गरम पाण्यात बुडवून इतकं पिळा की एकही थेंब गळू नये. दोन फूट बाय दोन फूट जागेवर अंथरा, वरून प्लॅस्टिक टाका, दहा मिनिटांनी उचला, लगेच खरवडा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. पाणी फटींतून खाली गेलं तर फळ्यांच्या कडा वर उचलल्या जातात आणि मग फरशीवर लाटा दिसू लागतात. इंजिनिअर्ड फरशीवर किंवा फटी रुंद असतील तिथे ही फेरी मी गाळतो.

चौथी फेरी: द्रावण

आता उरला असेल तो पातळ, चिवट थर. त्याच्यासाठी माझी पहिली पसंती संत्रावर्गीय द्रावणाला, म्हणजे डी-लिमोनिन असलेल्या. ते सावकाश उडतं, त्यामुळे गोंदात मुरायला त्याला वेळ मिळतो. टर्पेंटाइन डांबरी आणि रबरी गोंदावर चांगलं चालतं. दुहेरी टेपच्या चिकटपणाला आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं, पण चपडा लाखेच्या पॉलिशवर ते लावलंत तर पॉलिशही सोबत निघेल. मिथिलीन क्लोराइड असलेलं काहीही घरात आणू नका. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत, आणि अमेरिकेत 2019 पासून घरगुती ग्राहकांसाठी रंग काढायच्या द्रावणात ते विकायला बंदी आहे.

द्रावण फरशीवर ओतू नका. फडक्यावर किंवा ब्रशवर घेऊन लावा. दोन फूट चौरस जागा ओलसर झाली की वर प्लॅस्टिक फिल्म अंथरा आणि कडा दाबून बसवा, म्हणजे द्रावण उडून न जाता गोंदात शिरेल. मग उठा. खरंच उठा आणि दुसरं काही करा. पंधरा मिनिटांनी फिल्मचा कोपरा उचलून पट्टीने चाचपा. गोंद सुरकुतलेला आणि लोण्यासारखा सरकणारा हवा. तसा नसेल तर आणखी पंधरा मिनिटं. लोक नेमके इथे अधीर होतात, अर्धवट मऊ झालेला गोंद ताकदीने ओढतात, आणि मग लाकडाला ओरखडे पडले म्हणून द्रावणाला नावं ठेवतात.

मऊ झालेला गोंद पातळ रबडीसारखा असतो आणि पट्टीखालून निसटतो. त्यावर मूठभर लाकडाचा भुसा भुरभुरा, दोन मिनिटं थांबा आणि मग खरवडा. भुसा सगळा चिकटपणा शोषून घेतो, गोंदाचे कोरडे गोळे होतात आणि केराच्या सुपलीत उचलता येतात. या एका युक्तीने माझी फडकी निम्म्याने वाचली. उरलेला फिकट थर ताज्या द्रावणाच्या फडक्याने, रेषांच्या दिशेने पुसून घ्या. फडकं मळलं की बदला; मळकं फडकं गोंद काढत नाही, नुसता सारवतं.

कामाची सुरुवात दारापासून लांबच्या भिंतीकडून करा आणि दाराकडे सरकत या. सांगायची गरज नसावी, पण ओल्या गोंदावरून मोजे चिकटवत बाहेर आलेला माणूस मीच आहे.

फळ्यांच्या फटींत उतरलेल्या गोंदासाठी लाकडी काडी किंवा बांबूची टोकदार पट्टी घ्या. धातूचं टोक फटीच्या कडा चेपतं. सगळा गोंद निघालाच पाहिजे असा हट्ट फटींच्या बाबतीत धरू नका. पृष्ठभागाच्या खाली राहिलेली बारीक रेघ पॉलिशनंतर दिसत नाही.

व्हिनेगर आणि खायच्या सोड्याचे उपाय ऐकायला छान वाटतात, पण या गोंदावर त्यांचा म्हणावा तसा परिणाम होत नाही. खायचं तेल किंवा यंत्राचं वंगण चोळलं तर टेपचा चिकटपणा सुटतो खरा. मात्र उघड्या लाकडात तेल मुरलं की पुढचं पॉलिश तिथे धरत नाही.

चिंध्यांचं काय करायचं

द्रावण आणि गोंदाने भरलेल्या चिंध्या केराच्या टोपलीत कोंबू नका. मोकळ्या हवेत, दगडी किंवा सिमेंटच्या जागेवर एकेक करून पसरून वाळू द्या, किंवा धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लावा. पुढे जवसाचं तेल किंवा तेलावर आधारित पॉलिश लावणार असाल तर हा नियम आणखी कडक पाळा. अशा तेलाच्या चुरगाळलेल्या चिंध्या सुकताना आपोआप तापतात आणि पेटतातसुद्धा. सांडपाण्यात द्रावण ओतू नये, ते घातक कचऱ्याच्या संकलनाकडे द्यावं.

धुणं आणि वाळवणं

संत्र्याचं द्रावण मागे तेलकट पातळ थर ठेवतं. तो राहिला तर नवं पॉलिश माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पाडत आकसतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे तीन-चार थेंब टाकून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने, मग कोरड्याने. लाकूड उघडं असेल तर शेवटी टर्पेंटाइनचा एक हात. त्यानंतर 48 तास काही करू नका. दमट हवेत तीन दिवस द्या.

वाळल्यावर तळहात फरशीवरून फिरवा. डोळ्यांना न दिसणारा चिकटपणा हाताला लगेच कळतो. जिथे हात अडखळतो त्या जागेला मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण करा आणि फक्त तिथेच चौथी फेरी पुन्हा करा.

सँडिंग, लागलंच तर

अख्ख्या लाकडाची फरशी असेल आणि डाग खोल असतील तर आता मशीन आणायला हरकत नाही. 36 किंवा 40 नंबरच्या पेपरने सुरुवात करून 60, 80 आणि शेवटी 100 असं चढत जा. जाड पेपरचे ओरखडे पुढच्या नंबरने पुरते निघाल्याशिवाय पुढे जाऊ नका. घासताना ते दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात मारला की सगळे एकदम वर येतात. पेपर चिकट होऊ लागला तर मशीन बंद करा. याचा अर्थ गोंद अजून आहे आणि तुम्हाला चौथ्या फेरीकडे परत जायचं आहे.

पूर्ण खोलीला पॉलिश लावण्याआधी कपाटाखाली येणाऱ्या कोपऱ्यात फूटभर जागेवर एक हात मारा. 24 तासांनी त्यावर नखाने रेघ ओढा आणि टेपचा तुकडा दाबून झटक्यात उचला. पॉलिश टेपबरोबर आलं तर लाकडात द्रावण किंवा तेल शिल्लक आहे. पुन्हा धुवा, पुन्हा वाळवा. नाही आलं, तर डबा उघडा.